पाण्याचा टँकर ओल्या गवतात रुतलाय, मागची चाकं रिमपर्यंत आत. कसा काढायचा?

निळीटाकी
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. सहा चाकी पाण्याचा टँकर आहे, दहा हजार लिटरचा. नवीन लावलेल्या झाडांना पाणी घालायला मोकळ्या मैदानात नेला होता. पाऊस थांबून दोन दिवस झालेत, वरून गवत छान, मी स्वतः चालत जाऊन बघितलं होतं, पाय कुठेच रुतला नाही म्हणून आत घेतला. निम्मं पाणी घालून झालं आणि गाडी हलवायला गेलो तर मागची डावी जोडी जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हरने पाच-सहा वेळा पुढे-मागे करून बघितलं, त्यात चाकं अजून खाली गेली. आत्ता डावीकडची दोन्ही चाकं रिमपर्यंत आत आहेत, उजवीकडची वीतभर. पुढची चाकं वरच आहेत. टाकीत पाचेक हजार लिटर पाणी शिल्लक असेल. पक्का रस्ता गाडीच्या मागे साधारण तीस मीटरवर आहे, तिकडे थोडासा चढ आहे. ट्रॅक्टर बोलावलाय, येईल तासाभरात. जवळ साखळी आहे, जुना नायलॉनचा दोर, दोन फावडी, पहार, बॉटल जॅक. ट्रॅक्टर येईपर्यंत काय करू?

जुनाचालक
सगळ्यात आधी इंजिन बंद करा आणि ड्रायव्हरला खाली उतरवा. त्याच्यावर चिडून नका सांगू, चाक फिरायला लागलं की प्रत्येकाला वाटतं अजून थोडी रेस दिली की निघेल, मीही तरुणपणी हेच केलंय आणि एकदा भरल्या गाडीची क्लच प्लेट जाळून बसलोय. तो जळका वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही. चाक जागेवर एकदा फिरलं की ते पुढे न्यायचं काम करत नाही, खड्डा खणायचं काम करतं. टायरच्या नक्षीत चिखल भरला की बघा, खाचा दिसतच नाहीत, टायर कुंभाराच्या चाकावर फिरवल्यासारखा गुळगुळीत होतो. त्या टायरला पकड कुठून येणार?

आता उतरून गाडीखाली वाकून बघा (फक्त बघा, शिरू नका) आणि सांगा की हाऊसिंग, म्हणजे मागच्या एक्सलचा (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) मधला गोळा, जमिनीला टेकलाय का. आणि सायलेन्सरचं तोंड चिखलात गेलंय का तेही बघा. गेलं असेल तर आधी ते मोकळं करा, धूर मागे फिरून केबिनमध्ये भरतो.

निळीटाकी
बघितलं. गोळा टेकलाय, डाव्या बाजूला एक्सलखाली पण चिखल दाबून बसलाय. सायलेन्सर मोकळा आहे.

जुनाचालक
मग ट्रॅक्टर आला तरी लगेच ओढायला लावू नका. आत्ता गाडी चाकांवर नाही, पोटावर उभी आहे. तशीच ओढली तर गोळा नांगरासारखा माती ढकलत जाईल. आधी पाणी सोडा. पण हे फार महत्त्वाचं, व्हॉल्व्ह उघडून तिथेच सोडू नका! लांब पाइप लावा आणि उताराकडे जेवढं लांब नेता येईल तेवढं न्या. मी एक टँकर बघितलाय जो वजन कमी करायचं म्हणून जागेवर रिकामा केला, आणि चाकाखाली जी काही थोडीफार घट्ट माती होती तिचंही खळ झालं.

आकडेमोड
जुनाचालक यांना पूर्ण अनुमोदन, आणि का ते आकड्यांत सांगतो म्हणजे पटेल.

१००० लिटर पाणी म्हणजे एक टन. तुमच्या टाकीत ५ टन आहे, रिकामी गाडी साधारण ६ टन धरू, म्हणजे आत्ता ११ टन. लष्करात रुतलेल्या गाड्या काढणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे की चाकापर्यंत रुतलेल्या गाडीला गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे तुम्हाला आत्ता ११ टनांची ओढ लागेल, पाणी काढलं तर ६ टनांची. एक पाइप जोडून निम्मं काम होतंय.

आता ट्रॅक्टर बघा. नेहमीचा मधला ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा. ओल्या गवतावर त्याला स्वतःच्या वजनाच्या निम्मी पकड मिळाली तरी नशीब, म्हणजे तो टन-सव्वा टन ओढणार. ६ टन कुठे आणि सव्वा टन कुठे. म्हणूनच लोक ट्रॅक्टर लावतात, ट्रॅक्टरची चाकं फिरतात, मग दुसरा ट्रॅक्टर लावतात, मग झटके मारतात आणि काहीतरी तुटतं.

पण तीच ६ टनांची गाडी जर चाकांवर मोकळी उभी असेल आणि चाकापुढे फळी किंवा घट्ट जमीन असेल, तर तिला लोळवायला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ खूप झाली, म्हणजे ६०० किलो. दहात एक असा चढ असेल तर त्याचे आणखी ६००. एवढं ट्रॅक्टरच्या आवाक्यात येतं, शिवाय टँकरची स्वतःची चाकंही मदत करतील. ट्रॅक्टरची ताकद तुम्हाला वाढवता येणार नाही, गाडीचं अडणं मात्र फावड्याने कमी करता येतं. तासभर हातात आहे, तो खणण्यात घाला.

निळीटाकी
खूप खूप आभार. पाइप लावला, पंधरा मीटर लांब उताराला पाणी जातंय. मला एक कळत नाहीये, मी चालून बघितलं तेव्हा जमीन एकदम घट्ट होती हो.

आकडेमोड
तुमचं सत्तर किलो वजन दोन बुटांवर पसरतं, चौरस सेंटिमीटरला पाव किलोसुद्धा पडत नाही. ट्रकच्या टायरमध्ये १०० पीएसआय हवा असते आणि टायर जमिनीवर ढोबळमानाने आतल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ७ किलो. तीसपट. त्यामुळे चालून बघणं ही गाडीसाठी परीक्षाच नाही. पहार घ्या आणि अंगाचा भार टाकून दाबा, सहज वीतभर आत गेली तर गाडी घालू नका.

चाकोरी
गवतामुळे अजून फसायला होतं. वर मुळांची जाळी असते, ती चटईसारखी वजन धरून ठेवते, गाडी आत जाताना काही वाटत नाही. पण उभी राहिली की हळूहळू दाबली जाते, खालचं पाणी वर येतं, आणि चाक एकदा फिरलं की ती चटई फाटते. फाटली की खाली लोणी. म्हणून एकाच मैदानात सकाळी आलेली गाडी संध्याकाळी निघत नाही, पाऊस पडलेला नसला तरी.

आता खणायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेक लोक चाकाच्या भोवतीने माती उकरतात आणि दमून जातात. तुम्हाला मागे जायचंय ना? (मागेच जा, आलात त्या मार्गाने, तिथली जमीन गाडीने एकदा दाबून दाखवलेली आहे.) तर चाकाच्या मागच्या बाजूला उतार काढा. चाकाच्या तळापासून सुरू करून हळूहळू वर येणारा, निदान दीड मीटर लांब. चाकाला भिंत चढता येत नाही, उतार चढता येतो. चारही मागच्या चाकांना तसाच उतार, पुढच्या चाकांमागे काही उंचवटा असेल तर तोही कापा. मग गोळ्याच्या आणि एक्सलच्या मागची माती काढा, लांब दांड्याच्या फावड्याने, बाहेर उभं राहून. काढलेली माती लांब टाका, नाहीतर परत तीच चाकाखाली येते.

आणि चिकणमाती असेल तर ती टायरला चिकटून धरते. पाय चिखलातून उपसताना कसा 'चक्क' आवाज येतो आणि बूट आतच राहतो, तसंच. टायरच्या दोन्ही अंगाला पहार घालून हलवा, हवा आत शिरली की ती पकड सुटते. हे पाच मिनिटांचं काम आहे पण फरक फार पडतो.

रानवाट
टायरमधली हवा कमी करा! मी वाळूत आणि चिखलात नेहमी करतो, टायर लांबट पसरतो आणि गाडी अलगद निघते.

जुनाचालक
रानवाट भाऊ, जीपला बरोबर आहे, इथे थांबा जरा. एक तर गाडी गोळ्यावर टेकलीये, हवा काढली की ती अजून खाली बसणार. दुसरं म्हणजे मागे जोडचाकं आहेत. हवा कमी झाली की दोन टायरच्या कडा एकमेकांवर घासतात, मध्ये दगड अडकला तर टायर चिरतो.

रानवाट
जोडचाकांचा मुद्दा लक्षात नव्हता, मान्य. पण गोळा मोकळा झाल्यावर १०० वरून ७०-७५ वर आणायला काय हरकत आहे? तीस मीटर तर जायचंय, पायी चालायच्या वेगाने. आणि ब्रेकच्या हवेच्या टाकीतून परत भरता येईल, नळी असेल तर.

जुनाचालक
नळी आहे याची खात्री असेल तरच, आणि रस्त्यावर आल्यावर आधी हवा भरायची मग हलायचं. तरी मी म्हणेन तो शेवटचा उपाय ठेवा.

निळीटाकी
नळी नाहीये, म्हणजे हवेला हात लावत नाही. टाकी रिकामी झाली. खणणं चालू आहे, आम्ही चौघं आहोत. चाकाखाली काय घालू? जवळ बांधकामाच्या फळ्या आहेत, विटांचे तुकडे आणि रिकामी पोती.

चाकोरी
आहे तेच पुरेल. बॉटल जॅक आहे ना, त्याचा उपयोग करा. जॅकखाली नुसती वीट नको, जाड रुंद फळी ठेवा, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जाईल. पुढची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना दोन्हीकडून ठोकळे लावा. एक्सलखाली जॅक लावून डावं चाक जेवढं उचललं जाईल तेवढं उचला, आणि खालच्या खड्ड्यात आधी पोतं पसरा, त्यावर विटांचे मोठे तुकडे ठासून भरा. पोतं कशासाठी, तर ओल्या मातीत नुसते तुकडे टाकले तर माती ते गिळते, पोतं त्यांना वेगळं ठेवतं. तुकडे पहारीच्या मागच्या टोकाने किंवा ओंडक्याने सरकवा, हात चाकाखाली घालू नका. गाडी जॅकवर असताना कोणीही खाली शिरायचं नाही म्हणजे नाही, ओल्या जमिनीवरचा जॅक कधी तिरपा होईल याचा नेम नसतो. मग चाक त्यावर सोडा आणि मागच्या उतारावर फळ्या टाका. फळीत खिळे राहिलेत का बघून घ्या, बांधकामाच्या फळीत हमखास असतात.

जुनीपाने
फळ्यांवरून आठवलं, या उपायाचा इतिहास मोठा आहे. लाकडाचे ओंडके आडवे टाकून दलदलीवर रस्ते करायची पद्धत तर फार जुनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्याचीच लोखंडी आवृत्ती काढली, भोकं पाडलेले पोलादी पत्रे, एकमेकांत अडकवता येणारे. नोव्हेंबर १९४१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्स्टन गावाजवळ त्यांची चाचणी झाली म्हणून नाव पडलं मार्स्टन मॅट. एक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद आणि ३० किलो वजनाचा, दोन माणसं सहज उचलतील असा. त्यावर विमानं उतरवली! आणि त्याच शरद ऋतूत रशियात जर्मन सैन्याच्या गाड्या चिखलात अडकून पडल्या होत्या. तिथे वर्षातून दोनदा कच्चे रस्ते असे होतात की त्या मोसमाला वेगळा शब्दच आहे, रास्पुतित्सा. आज गाडीवर बांधून नेतात त्या प्लॅस्टिकच्या सँड लॅडर म्हणजे याच पत्र्याची नातवंडं. तुम्हाला नेहमी मातीत जावं लागत असेल तर असं काहीतरी टँकरवर कायम ठेवाच.

दोरखंड
ट्रॅक्टर यायच्या आत हे वाचा, कृपा करून वाचा. आमच्याकडे एकदा साखळीने गाडी ओढताना साखळी तुटली आणि हूक केबिनची काच फोडून मागच्या पत्र्यात घुसला. ड्रायव्हर त्या क्षणी गियर बघायला वाकला होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी दोरापाशी कोणालाही उभं राहू देत नाही.

१) जुना नायलॉनचा दोर हातातून पूर्ण फिरवून बघा. कुठे कापलेला, वितळून कडक झालेला, धागे सुटलेले दिसले तर वापरू नका. नायलॉन ताणला की लांब होतो आणि तुटला की ती सगळी ताणलेली ताकद एका क्षणात बाहेर येते. गाठ मारली तरी दोराची ताकद बरीच कमी होते, कधी कधी निम्म्यावर.

२) साखळीला झटका कधीच नाही. साखळी ताणत नाही, झटक्याचा सगळा भार एका कडीवर येतो. ट्रॅक्टरने हळू पुढे जाऊन साखळी ताठ करायची, मग दाब वाढवायचा.

३) बांधायचं कुठे? मागच्या बंपरला नको, आडव्या गार्डला नको, आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर अजिबात नको, तो झटक्यासाठी बनवलेलाच नसतो, तुटून उडतो आणि त्याने माणसं गेली आहेत. चेसिसच्या दोन्ही दांड्यांना एकेक फेरा घ्या, कडेवर पोतं गुंडाळा म्हणजे कापणार नाही. तुमच्या टँकरला मागे पाण्याचा व्हॉल्व्ह असणार, तो मध्ये येत नाहीये ना बघा. आणि दोन फेऱ्यांचे पाय लांब ठेवा, आखूड ठेवून फाकवू नका. दोन पायांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर अख्खा भार येतो, वाटून जात नाही.

४) ट्रॅक्टर पक्क्या रस्त्यावर उभा करा. गवतावर आणलात तर तोही रुतेल. तीस मीटर आहे ना, दोर आणि साखळी जोडून पोचवा, जोड डी शॅकलने (आडवी पिन असलेल्या लोखंडी कडीने) करा. दोर गाडीच्या बाजूला आणि साखळी ट्रॅक्टरकडे आली तरी चालेल, पण दोन्हीवर मध्ये दोन-तीन ठिकाणी ओली पोती टाका, तुटलं तर ती खाली दाबतात.

५) ट्रॅक्टरला खालच्या ड्रॉबारलाच (मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच) बांधा. वर बांधलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि तो मागे चालकाच्या अंगावर उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

६) दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर सगळे. दोराच्या रेषेत कोणी नको, चाकांच्या समोर-मागे पण कोणी नको, फळी उडते.

चाकावरचंघर
मध्येच विचारते, माफ करा. आमची मोटरहोम आहे, पुढच्या चाकांवर चालणारी, साडेतीन टनांची. ओल्या गवतावर दोनदा रुतली. आम्ही दरवेळी पायपुसणी घालतो चाकाखाली पण ती मागे फेकली जातात.

रानवाट
ताई, त्या गाड्यांचं वजन मागे लटकतं आणि ओढणारी चाकं पुढे हलकी राहतात. जमेल तिथे उलटी लावा, म्हणजे निघताना तोंड उताराकडे असेल. रात्री उभी करायच्या आधीच चाकांखाली फळ्या घाला, रुतल्यावर नको. टाक्यांतलं पाणी जागेवर सोडू नका. आणि निघताना पुढची चाकं अगदी सरळ, दुसऱ्या गियरमध्ये, रेस नगण्य. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद करून बघा, चाक जरा घसरलं की ते इंजिनची ताकदच कापतं. पायपुसणीची खरखरीत बाजू टायरकडे करा आणि तिचं टोक टायरखाली घट्ट खुपसा.

जुनाचालक
निळीटाकी, तुमच्या गाडीला डिफरन्शियल लॉक आहे का? डॅशबोर्डवर बटण असतं.

निळीटाकी
आहे! ड्रायव्हर म्हणतोय कधी वापरलंच नाही.

जुनाचालक
मग आज वापरा. डिफरन्शियल म्हणजे त्या मधल्या गोळ्यातले, इंजिनचा जोर दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटणारे गियर. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, आणि डावं चाक चिखलात फुकट फिरत असेल तर त्याला जेवढा नगण्य जोर लागतो तेवढाच उजव्याला मिळतो. म्हणून उजवं चाक चांगल्या जमिनीवर असून गप्प बसलं होतं. लॉक लावला की दोन्ही एकत्र फिरतात. गाडी पूर्ण थांबलेली असताना लावा, चाक फिरत असताना लावलात तर आतले दात तुटतात. लॉक असेपर्यंत स्टिअरिंग सरळ, रस्त्यावर आल्यावर काढा. मागे घेताना क्लच पूर्ण सोडा, हाफ क्लचवर ठेवू नका, आणि इंजिन जेमतेम गुरगुरेल एवढीच रेस. चाक फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा, परत खणायचं.

निळीटाकी
ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाले दादा म्हणत होते एवढं काय खणताय, एका झटक्यात काढतो. त्यांना दोरखंड यांची पोस्ट वाचून दाखवली, मग तेच म्हणाले ड्रॉबारला बांधू.

निळीटाकी
निघाला!!! मंडळी, निघाला. पहिल्यांदा दोर ताठ झाला आणि काहीच झालं नाही, ट्रॅक्टरचं इंजिन दबलं. लगेच थांबवलं. बघितलं तर उजव्या चाकामागे आम्ही उतार नीट केलाच नव्हता, रुतलं कमी म्हणून दुर्लक्ष केलेलं. वीस मिनिटं परत खणलं. दुसऱ्या वेळी लॉक लावला, रिव्हर्स टाकला, ट्रॅक्टर ताठ झाला, आणि आधी एक मोठा चोखल्यासारखा आवाज आला, डावं चाक फळीवर चढलं, फळी मोडली, पण तोवर दुसऱ्या फळीवर होतं. मग जो निघाला तो थेट रस्त्यापर्यंत, मध्ये थांबवला नाही. क्लचचा वासही नाही. ड्रायव्हर बिचारा सकाळपासून तोंड पाडून बसला होता, आता पाठ थोपटून घेतोय. जुनाचालक, चाकोरी, आकडेमोड, दोरखंड, रानवाट, तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

दोरखंड
कोणालाही खरचटलं नाही ना? बस, एवढंच हवं होतं. तो नायलॉनचा दोर आज ताणलाय, पुन्हा ओढायला वापरू नका, ताडपत्री बांधायला ठेवा.

जुनाचालक
शाब्बास. आता घाईने पळवू नका. जोडचाकांच्या मध्ये पहारीने चाचपा, विटेचा तुकडा अडकलेला असतो, तो सुटून मागच्या गाडीवर जातो किंवा टायर खातो. रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसलेला असेल तो आजच पाण्याने काढा, वाळला की तो एका बाजूला राहतो आणि वेगात गाडी थरथरते, मग लोक अलाइनमेंट करत बसतात. हवेच्या नळ्या आणि ब्रेकच्या ड्रमपाशी बघा काही ओढलं गेलंय का. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबा, ओला चिखल आत गेला असेल तर पहिल्या दोन दाबांना ब्रेक नीट लागत नाही.

निळीटाकी
तुकडा होता! डाव्या जोडीत, अर्धी वीट. पहारीने काढला. आता मैदानातले खड्डे बुजवतोय, काढलेला गवताचा थर बाजूला ठेवला होता तोच परत लावतोय. उरलेल्या झाडांना पाणी रस्त्यावर उभं राहून लांब पाइपने घालणार, पन्नास मीटरचा पाइप सांगितलाय.